दोन हात जमीन

बामणोलीच्या धक्क्यावर सकाळी सातला लाइफ जॅकेटं वाटायला सुरुवात झाली, तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं की नानाही आला आहे. नानांनाही अण्णा तेव्हाच दिसले. दोघांनी चिमीकडे पाहिलं. चिमीला तिच्या जॅकेटाचा पट्टा नेमका त्या क्षणी फार अवघड जायला लागला होता.

चिमी दोघांची भाची. नोकरीला साताऱ्यात. दोन्ही मामांना तिने वेगवेगळा फोन केला होता: दिवसभराचं पॅकेज आहे, सकाळी लाँच, मग गाईडबरोबर वासोटा किल्ल्याचा जंगल ट्रेक, उतरल्यावर कयाकिंग, संध्याकाळी चुलीवरचं जेवण. दोन्ही फोनमध्ये दुसऱ्या मामाचा उल्लेख राहून गेला. तिच्या मते हे खोटं नव्हतं, अपुरं होतं.

अण्णा आणि नाना सख्खे चुलतभाऊ. रायगड जिल्ह्यात दोघांची जमीन लागून. कोयना धरणात गाव गेलं तेव्हा आजोबांना तिकडे जी जमीन मिळाली, तिचेच पुढे दोन वाटे झाले. मधला बांध दीड फूट सरकला आहे असं अण्णांचं म्हणणं. तो होता तिथेच आहे, अण्णांची नजर सरकली आहे असं नानांचं. दोनदा मोजणी झाली. दोन्ही वेळा मोजणीवाल्यांना चहा कोणी पाजायचा यावरून वेगळं भांडण झालं. गेली सहा वर्षं बोलचाल बंद. नानांच्या मुलाच्या लग्नात अण्णांनी आहेराचं पाकीट कुरिअरने पाठवलं, आणि नानांनी पोच म्हणून पावती व्हॉट्सॲपवर टाकली, तीही चिमीमार्फत.

गंमत अशी की दोघंही हवाला एकाच माणसाचा देत. आजोबांनी जुन्या गावात बांधाची केस जिंकली होती, निकालाचा कागद ट्रंकेत होता, आणि आपल्या घराण्याने बांध कधी सोडलेला नाही हे अण्णा ज्या ठसक्यात सांगत, त्याच ठसक्यात नाना सांगत. त्या कागदाची झेरॉक्स दोघांच्या वकिलांच्या फायलीत लावलेली होती. तिचा या दोघांच्या खटल्याशी काडीचा संबंध नव्हता. पण अशील हट्टाला पेटला की वकील कशाला नाही म्हणतो?

धक्क्यावरून परत फिरणं दोघांनाही शक्य होतं. पण आधी कोण फिरणार? आधी फिरणाऱ्याची हार. म्हणून दोघंही लाँचमध्ये बसले, एक पुढच्या टोकाला, एक इंजिनाशेजारी.

गाईड होते तात्या. साठी ओलांडलेले, काटकुळे, पायांत रबरी बूट, खांद्याला गोणपाटाची पिशवी आणि तिच्यात कोयता. लाँच सुटल्यावर पहिली दहा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. पाण्यावर धुकं होतं. डिसेंबरातलं शिवसागर जलाशयाचं धुकं वर उचलत नाही, पाण्यालगत सरपटत राहतं. त्याच्यावर डोंगरांचे माथे तेवढे दिसतात, आणि खाली सगळं सपाट पांढरं असल्यासारखं वाटतं. ते ओसरायला लागलं तसे तात्या बोलायला लागले.

"ही कोयना. पलीकडं तापोळ्याला सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात. धरान खाली, लई लांब. पान्यानं खरं तर पूर्वेला जायाचं, कराडला कृष्णेत. पन त्यातलं लई पानी आपन डोंगरात बोगदा पाडून पश्चिमेला वळवलं. पोफळीला खाली पडतं, वीज व्हती, आनि वाशिष्ठीतनं समुद्राला जातं."

"कधीपासून?" कोणीतरी विचारलं.

"वीजघर 1962 ला चालू झालं. त्याच्या आदी गावं उठली."

अण्णांनी घसा खाकरला. "आमचंही गाव यातच गेलं." आणि गावाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. त्या खोऱ्यातल्या कोणत्याही बुडालेल्या गावाचं नाव घातलं तरी गोष्ट बदलणार नाही.

तात्यांनी मान वळवून अण्णांकडे नीट पाहिलं. मग आडनाव विचारलं. अण्णांनी सांगितलं. तात्यांची नजर इंजिनाशेजारच्या नानांवर गेली. "आनि हे?"

"त्यांना विचारा," अण्णा म्हणाले.

तात्यांनी विचारलं नाही. नाकाची ठेवण एकच होती.

मेट इंदवलीला लाँच लागली की आधी वनखात्याची चौकी. हा भाग कोयना अभयारण्याचा, 1985 साली जाहीर झालेला. 2010 पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. चौकीत माणसं मोजतात, आणि प्लास्टिकही मोजतात. पिशव्यांतून बाटल्या, बिस्किटाचे पुडे, चिप्सची पाकिटं बाहेर निघतात, वहीत नोंद होते, अनामत ठेवावी लागते. जेवढं नेलं तेवढं परत आणलं की पैसे परत. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे माणसाच्या शपथेवर कोणी विश्वास ठेवत नाही, पण अनामत रकमेपुढे भलेभले सरळ होतात.

चिमीने सगळ्या कुटुंबाच्या बाटल्या एकत्र लिहून घ्यायला सांगितल्या. "माझ्या वेगळ्या लिहा," नाना म्हणाले. "माझ्याही," अण्णा म्हणाले. गार्डने पेन थांबवून वर पाहिलं आणि मुकाट्याने तीन ओळी आखल्या.

ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीचं छोटं ठाणं आहे. तात्यांनी बूट काढून हात जोडले आणि मग बाराजणांना नियम सांगितले. ओरडायचं नाही. गाणी लावायची नाहीत. गवा दिसला तर फोटो काढायला पुढे जायचं नाही, मागे सरकायचं. अस्वलाची चाहूल लागली तर पळायचं नाही, एकत्र उभं राहायचं. "आनि शेवटचं. पुढच्यानं मागं बघत चालायचं. वळन आलं की थांबायचं, मागचा मानूस दिसला की मंग पाय उचलायचा. मागच्यानं पुढच्याला गाठायची घाई करायची न्हाय. सांबाळायचं काम पुढच्याचं हाय."

मग त्यांनी ओळ लावली. स्वतः पुढे, त्यांच्यामागे अण्णा, मध्ये पोरंसोरं आणि सगळ्यांत मागे नाना. नानांचा दम चांगला आहे म्हणून त्यांना मागे ठेवलं, असं तात्या म्हणाले. खरं कारण काय ते त्यांनाच ठाऊक. पण परिणाम असा झाला की सहा वर्षं ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तो दिसतो आहे ना, हे अण्णांना दर वळणावर थांबून पाहावं लागायला लागलं.

वासोट्याच्या वाटेवर रान एकदम सुरू होतं. दहा पावलांपूर्वी अंगावर ऊन होतं, आणि मग जांभूळ, हिरडा, अंजनी यांचा मांडव पडतो तो थेट माथ्याजवळ कारवीत शिरेपर्यंत उठत नाही. पाचोळा ओला. श्वास घेतला की कुजक्या पानांचा आणि गार दगडाचा वास. बोलणं आपोआप कमी होतं. शीळकरी कस्तूर ओढ्याकडून शीळ घालत होता, एखादं रिकामटेकडं पोरगं विसरलेलं गाणं आठवून पाहतंय तशी. वर फांदीवर शेकरू दिसलं. तपकिरी-तांबूस पाठ, पिवळट पोट आणि शरीराहून लांब शेपूट. पोरांनी मोबाइल काढेपर्यंत ते दोन झाडं पलीकडे गेलं होतं.

एका झाडापाशी तात्या थांबले. सालीवर छातीच्या उंचीपासून वरपर्यंत ओरखडे होते, चार-चार, पाच-पाच, जवळजवळ समांतर. जुने काळपट होते. दोन मात्र ताजे. त्यांच्या कडांना चिकाचे बारीक मणी आले होते आणि आतलं लाकूड लालसर दिसत होतं. वर फांदीच्या बेचक्यात एक ढोली, तिच्या तोंडाला मेणाचा काळा थर. "मधासाठी चढलं व्हतं अस्वल. परवा-तेरवा." तात्यांनी ओरखड्यांवर आपला पंजा धरून दाखवला. बोटं पुरली नाहीत.

थोडं पुढे, ऐन वाटेवर, विष्ठा. वाळलेली, केसाळ. "बिबट्या. हद्द आखतो," तात्या म्हणाले. "झाडावर नखं मारतो, बुंध्यावर मुततो, वाटंवर ही अशी खूण. पाऊस आला की सगळं वाहून जातं. परत आखायची."

मागून नानांचा आवाज आला. "म्हणजे त्यालाही दरवर्षी मोजणी आणावी लागते."

सगळे हसले. अण्णांना हसू आलं होतं. त्याचा त्यांनी खोकला केला. खोकला जरा लांबला तेव्हा नानांनी पुढच्या मुलाच्या हातून पाण्याची बाटली पुढे पाठवली. ती बारा हातांतून फिरत अण्णांकडे आली. ही कोणाची बाटली, हे कोणी सांगितलं नाही. अण्णा प्यायले. (चौकीच्या हिशेबात यामुळे पुढे थोडा गोंधळ झाला.)

वाघाचं काय, असं एकाने विचारलंच. या पट्ट्यात 2018 मध्ये कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला होता हे तात्यांना माहीत होतं, पण वाघ दाखवतो असं सांगणारा गाईड ते नव्हते. "त्यानं आपल्याला बगितलं आसंल. तेवढं पुरे."

चढ शेवटच्या टप्प्यात दम काढतो. अण्णांचं वय अठ्ठावन्न. ते दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा नाना वळणावर आले, उभे राहिले आणि झाडाच्या शेंड्याकडे पाहायला लागले. शेंड्यावर काहीही नव्हतं. अण्णा उठेपर्यंत ते पाहत राहिले.

गडावर पडका दरवाजा, छप्पर नसलेला मारुती, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा, महादेवाचं देऊळ. सरकारी पाटीवर जे असतं ते सगळं आहे. पण वासोट्याला माणसं त्याच्यासाठी जात नाहीत. ती बाबुकड्यासाठी जातात. जमीन एकाएकी संपते, खाली कोकण, आणि समोर नालेच्या आकाराचा कातळकडा. त्याच्या पलीकडच्या डोंगरावर दाट झाडी, तो जुना वासोटा.

इथे मात्र तात्यांची कळी खुलली. हा किल्ला 1660 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, नाव व्याघ्रगड. पुढे ताई तेलिणीने पेशव्यांच्या बापू गोखल्यांविरुद्ध तो कित्येक महिने झुंजवला. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना इथेच आणून ठेवलं, इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून. आणि 1818 मध्ये इंग्रज आले.

"घेतला कसा? एवढं रान, एवढा चढ," नानांनी विचारलं.

"लई सोपं. तो समोरचा डोंगर दिसतो ना, जुना वासोटा? त्याच्यावर तोफा चढवल्या. खालनं येनाऱ्यासाठी गडाची सगळी तयारी व्हती. शेजारच्यासाठी नव्हती."

हे ऐकून चिमीने दोन्ही मामांकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांनीही कोकणाकडे पाहिलं.

कोकणाच्या बाजूने वर रेंज येते. सकाळपासून मुके असलेले मोबाइल एकदम किणकिणायला लागले. अण्णांनी चष्मा लावून वाचलं. दहा हातांवर नानांनी आपला मोबाइल लांब धरून वाचलं. निरोप दोन वेगवेगळ्या वकिलांचा, मजकूर एकच: कालची तारीख पुढे गेली, आता एकोणीसला सकाळी साडेदहा, हजर राहणे.

भाकरी, झुणका, ठेचा असं जेवण झालं. दोघांनी दोन वेगवेगळ्या दगडांवर बसून खाल्लं, आणि अर्ध्या तासाने तात्यांनी सगळ्यांना उठवलं, कारण अंधाराच्या आत पाणी गाठावं लागतं आणि गडावर मुक्कामाला बंदी आहे. उतार भरभर झाला. उतरताना कोणाला काही दिसत नाही, फक्त गुडघे आठवतात.

चौकीत बाटल्यांची बेरीज बरोबर आली, पण ओळीप्रमाणे जुळेना. अण्णांच्या नावावर एक जास्त, नानांच्या नावावर एक कमी. गार्डने सकाळच्या तीन ओळींवर एक मोठा कंस काढला, एकच आकडा लिहिला आणि अनामत चिमीच्या हातावर ठेवली.

सगळे परत बामणोलीच्या अंगाला आले, तेव्हा चार वाजून गेले होते. तिथल्या एका शांत खाडीसारख्या फाट्यात कयाक मांडून ठेवल्या होत्या, नारिंगी आणि पिवळ्या, दोन-दोन माणसांच्या. पोरांनी धावत जाऊन जोड्या जमवल्या. चिमी तिसऱ्याच कोणाबरोबर केव्हाच पाण्यात. किनाऱ्यावर एक कयाक उरली आणि दोन मामा उरले.

"काका, बसताय ना? पैसे भरलेत," कयाकवाला पोऱ्या म्हणाला.

पैसे भरलेत, या दोन शब्दांत मराठी माणसाला काहीही करायला लावण्याची ताकद आहे. पोऱ्याने वजनाचा अंदाज घेऊन नानांना पुढे बसवलं, अण्णांना मागे. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं ते दाखवलं. पुढच्याने ताल धरायचा. मागच्याने त्याच्या वल्ह्याकडे बघून त्याच बाजूला, त्याच वेळी वल्हं टाकायचं, आणि दिशा सांभाळायची. एवढंच.

एवढंच अण्णांना जमेना. आयुष्यभर थोरलेपण केलेल्या माणसाला धाकट्याच्या पाठीकडे बघून हात चालवायचे! नाना उजवीकडे मारत तेव्हा अण्णा डावीकडे. वल्ह्यांची पाती एकमेकांवर आपटली. पाणी नानांच्या मानेवर उडालं. कयाक डावीकडे वळली, मग अजून वळली, मग जिथून निघाली होती तिकडे तोंड करून उभी राहिली.

"त्यांना सांगा उजवीकडे मारायला," अण्णा म्हणाले. सांगायला आसपास कोणी नव्हतं.

"त्यांना सांगा, पुढच्याचं बघायचं असतं," नाना समोरच्या डोंगराला म्हणाले.

दुपारनंतर या पाण्यावर पश्चिमेचा वारा येतो. लाटा मोठ्या नसतात, पण कयाकच्या कुशीला सतत थापट्या मारत राहतात. दोघं भोवऱ्यासारखे फिरत हळूहळू फाट्याच्या तोंडाकडे सरकले. पोरांच्या कयाक लांब राहिल्या. तेव्हा मागून लाँच आली. तात्या. त्यांनी इंजिन बंद केलं आणि लाँच नुसती तरंगत कयाकशेजारी येऊ दिली. दोर हातात होता, टाकला नाही.

"आत्ता कुठं हाय म्हाईत हाय का?" त्यांनी विचारलं. "तुमच्या आजाच्या खाचरावर."

दोघांनीही पाण्यात पाहिलं. हिरवट काळं पाणी. दिसण्यासारखं काही नव्हतं.

"हितं भात व्हायचं. शेजारी दाजीबाचं खाचर. तुमच्या आजाचा चुलतभाऊ. मधी दगडी बांध. बांधावरनं दोगं भांडायचे. माझा बा साक्षीदार. तारखेला मेढ्याला जायाचा, डोंगर चढून, पायी. मी तवा रांगत व्हतो, हे समदं बानं सांगितलेलं."

"ती केस आजोबांनी जिंकली," अण्णा म्हणाले. सवयीनेच.

"जिंकली की. दोन हात जमीन मिळाली. निकालाचा कागद घेऊन बा आनि तुमचा आजा रात्री डोंगर उतरले, तर खाली पानी. धरनाचं पानी चढत चढत खाचरात आलेलं. कंबरंइतकं. तुमच्या आजानं कागद डोक्यावर धरला आनि पान्यात शिरला. बांध कुठं हाय ते पायानं चाचपत व्हता."

लाँच आणि कयाक एकमेकांना घासल्या. नानांनी हाताने लाँचची कड धरली.

"दाजीबा?"

"तो वरच्या अंगाला बसून बगत व्हता. मग खाली आला, तुमच्या आजाला धरून भाईर काढला. पन बोलले न्हाईत. धा-बारा दिसांनी ट्रक आले. तुमचा आजा रायगडला, दाजीबा सोलापूरकडं. आमी काई घरं न्हाई गेलो, वर डोंगरावर सरकलो. सा महिन्यांनी तुमच्या आजाचं कार्ड आलं बाला. खुशालीची एक वळ. बाकीचं समदं दाजीबाचं. त्याला जमीन कशी मिळाली, पानी हाय का, शेजारी कोन हाय. बाला काय म्हाईत? कुठल्या गावाला टाकला त्येचा पत्ताच नव्हता."

वाऱ्याने एक लाट आणली. अण्णांच्या मांडीवर पाणी आलं, ते त्यांनी झटकलं नाही.

"मंग कुनीतरी सांगितलं, दाजीबा माळकरी झालाय, आषाढीला पंढरपुरात असतो. दुसरं कार्ड आलं त्यात तुमच्या आजानं लिवलेलं, औंदा जातो. तीन दिस फिरला. लाखांनी मान्सं, कुठं घावायचा?"

नाना वळून बसायचा प्रयत्न करत होते. कयाकमध्ये ते जमत नाही. म्हणून समोर बघतच ते म्हणाले, "आजोबांच्या गळ्यात माळ नव्हती."

हे ते तात्यांना म्हणाले नव्हते.

"नव्हती," मागून अण्णा म्हणाले. "मटण खायचे."

"तरी दरवर्षी आषाढीला जायचे."

"आणि परत आले की आठवडाभर कोणाशी बोलायचे नाहीत. आई म्हणायची, दर्शन नीट झालं नसेल."

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी दोराचं वेटोळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"भेट झाली का कधी?" नानांनी विचारलं.

"बा मेला तवर तरी कार्डात तसं आलं न्हाई."

बराच वेळ नुसत्या थापट्या ऐकू आल्या. मग नानांच्यातला खटलेवाला जागा झालाच. "बांध दिसतो का हो कधी?"

"मे महिन्यात. पानी लई उतरलं तर. लोकं गाळपेर करत्यात कडंला. दगड हायेत अजून तसंच, एकावर एक."

"कोणाच्या बाजूला सरकलेला वाटतो?"

"नाना," अण्णा म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव तिऱ्हाइताला सांगायचं म्हणून न घेता हाक म्हणून घेतलं होतं.

नाना गप्प झाले.

"दोर टाकू का?" तात्यांनी विचारलं. "अंधार पडंल."

अण्णांनी वल्हं उचललं. "नको. तू मार रे, मी बघतो."

नानांनी उजवीकडे मारलं. अण्णांनी उजवीकडे मारलं, अंमळ उशिरा. नानांनी डावीकडे मारलं. पाती आपटली नाहीत. कयाक सरळ गेली असं म्हणता येणार नाही. ती नागमोडी गेली, एकदा कडेच्या झुडपात शिरली, तिथून बाहेर काढताना अण्णांची टोपी गेली आणि ती नानांनी वल्ह्याने ओढून काढली. लाँच त्यांच्यामागे इंजिन बंद ठेवून, बांबूने ढकलत येत होती. किनाऱ्यावर चिमी ओले केस पिळत उभी होती. तिने फोटो काढला नाही, याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं.

जेवताना दोघं शेजारी बसले नाहीत. पण एकमेकांसमोर बसले, आणि मीठ मागायला चिमीची गरज पडली नाही. तात्यांना पैसे द्यायची वेळ आली तेव्हा दोघांनीही खिशात हात घातला. तात्यांनी दोन्ही नोटा घेतल्या. त्यांचं घर त्यावर चालतं.

गाड्या लावल्या होत्या तिथे काळोख झाला होता. अण्णांची गाडी नवी, नानांची जुनी, मध्ये चार गाड्यांचं अंतर. अण्णा किल्ली काढून आपल्या गाडीपाशी उभे राहिले. दार उघडलं नाही.

"एकोणीसला माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे," ते म्हणाले.

नानांनी त्या चकचकीत गाडीकडे पाहिलं. टायरवरचे रबराचे केससुद्धा अजून झिजले नव्हते.

"मग सातला तयार राहा," ते म्हणाले. "उशीर केलात तर थांबणार नाही." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "आणि वकिलांना आत्ताच काही बोलू नका."